न मोजलेले एकतीस मैल

सुरुवातीलाच सांगतो, मी भूतखेत मानणारा माणूस नाही. सगळं आयुष्य आधी गॅरेजमध्ये आणि मग बसच्या वर्कशॉपमध्ये गेलं. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं, आणि ते सापडलं नाही तर तुम्ही नीट शोधलं नाही, एवढंच मला माहीत. या सदरातले अनुभव नात मला फोनवर काढून देते. तिला मराठी वाचायला जड जातं, मग मी मोठ्याने वाचतो आणि ती ऐकते. निम्म्याशिम्म्यांचं कारण मी तिला तिथल्या तिथे सांगतो. परवा ती म्हणाली, "आजोबा, मग तो तुमचावाला एक्स्प्लेन करा ना."

ते काही जमलं नाही... म्हणून एका बोटाने टाइप करत बसलोय. तारखा विचारू नका. माणसं मात्र सगळी लक्षात आहेत.

आम्ही मूळचे परभणीकडचे शेतकरी. माझा थोरला भाऊ — आम्ही त्याला दादाच म्हणायचो — तरुणपणी हैदराबादला आला, मोटारीचं काम शिकला आणि अफझलगंजला मुसी नदीच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून त्याने गॅरेज काढलं. नंतर मलाही बोलावून घेतलं. राहायला सुलतान बाजारातल्या एका गल्लीत दोन खोल्या होत्या. दादा, वहिनी आणि मी. मी तेव्हा बावीस-तेवीसचा असेन. बारीक कामात दादाचा हात असा, की साहेबलोकांचे ड्रायव्हर सिकंदराबादची मोठी गॅरेजं सोडून आमच्याकडे यायचे.

पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा. शहरात रोज नव्या अफवा उठायच्या, संध्याकाळी दुकानं लवकर बंद व्हायची. अशात एका सोमवारी एक वकीलसाहेब त्यांची काळी विलायती मोटार घेऊन आले. आपलेच, मराठी. घराणं पिढ्यान् पिढ्या सरकारदरबारी आणि कोर्टात असलेलं. त्यांचं नाव लिहीत नाही, नातवंडं याच शहरात आहेत.

गाडीचं दुखणं साधं होतं. स्पीडोमीटरचा काटा थरथरायचा, मध्येच उडी मारायचा, आणि डॅशबोर्डामागून चिमणीसारखा आवाज यायचा. दादाने गाडीखाली शिरून पाहिलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, "तार सुकलीय साहेब. आणि नळी एका ठिकाणी मुरगळलीय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डापर्यंत एक लवचिक नळी जायची आणि तिच्या आत पीळ दिलेली पोलादी तार असायची. चाकं फिरली की ती तार फिरणार, तार फिरली की काटा हलणार आणि खालचे मैलांचे आकडे सरकणार. तार काढली की मीटर मेला. ना वेग दाखवणार, ना मैल मोजणार.

दादाने तार ओढून बाहेर काढली. तिचं टोक झिजलं होतं. म्हणाला, "दोन दिवस लागतील. गाडी पाहिजे असेल तर अशीच चालवा, फक्त मीटर चालणार नाही."

"म्हणजे गाडी किती पळाली ते कळायचं नाही?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"बरं," ते म्हणाले, आणि गाडी ठेवून टांग्याने गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तारेचं टोक करून आणायला सिकंदराबादला गेलो. परत आलो तो उन्हं कलली होती. गाडी शेडमध्येच होती, पण बॉनेट तापलेलं, चाकं धुळीने भरलेली आणि डावीकडचा दिवा फुटलेला.

"साहेब आले होते," दादा म्हणाला. "स्वतःच चालवत घेऊन गेले, आत्ता ठेवून गेले. दिव्याचं विचारलं तर बोललेच नाहीत काही."

त्याच रात्री दादाला पकडून नेलं. दुपारी शहराबाहेर घटकेसरजवळ रस्त्यावर एका बैलगाडीवाल्या म्हाताऱ्याला काळ्या मोटारीने उडवलं होतं. म्हातारा तिथेच गेला. कुणीतरी गाडीचा नंबर पाहिला होता. वकीलसाहेबांकडे चौकशी गेली तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "गाडी तर कालपासून मिस्त्रीकडे आहे. मी हात लावलेला नाही." आणि वर हेही, पुढे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतही सगळ्यांना ऐकवलेलं, "त्याने मीटरची तार कशाला काढली असेल, तुम्हीच विचार करा. चोरून गाडी पळवली तर मैल मोजले जाऊ नयेत म्हणून."

दादाचं काम हाच दादाचा गुन्हा झाला... तार आमच्या टेबलावर होती. तीच पुरावा म्हणून उचलून नेली.

मी ओरडून ओरडून सांगितलं, पण मी पडलो भाऊ. वकीलसाहेबांच्या शब्दापुढे माझा शब्द काय! त्यात दिवस असे, की कुणाला कुणाच्या खटल्याची फुरसत नव्हती. खटला उभा राहायच्या आधीच कोठडीत विषमज्वर होऊन दादा गेला. त्यानंतर महिन्याभरात हिंदुस्थानचं लष्कर शहरात आलं, लोक रस्त्यांवर नाचले. वहिनी आणि मी घराचं दार लावून बसलो होतो.

वहिनी रडल्या नाहीत. शिवणयंत्र घेऊन लोकांची पोलकी शिवायला लागल्या. रोज संध्याकाळी मी घरी आलो, की पाण्याचा तांब्या पुढे ठेवायच्या आणि विचारायच्या, "भावजी, वकील आहेत ना अजून?"

"आहेत."

"असू देत," म्हणायच्या, आणि परत मशीन सुरू.

ते नुसते होते असं नाही, चांगले भरभराटीला आले होते. कालपर्यंत शेरवानी घालून निजाम हुजुरांचे गोडवे गाणारे गृहस्थ आता खादीत सभांना जायला लागले. पुढे तिकीट मिळणार असं लोक बोलायचे. मी रोज गॅरेज उघडायचो आणि रोज मनात त्यांना एकदा मारायचो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. एका सकाळी तीच काळी गाडी माझ्या शेडसमोर येऊन उभी राहिली.

चालवत होता यादय्या, वकीलसाहेबांचा नवा ड्रायव्हर. नलगोंड्याकडचा, चाळिशीचा. गाडीतून उतरला आणि लांब जाऊन उभा राहिला.

"भय्या, इसका मीटर पागल हो गया," तो म्हणाला. "गाडी खडी रहती, इंजन बंद रहता, फिर भी काटा चलता. रोज दोपहर को. रोज इकतीस मैल बढ़ते."

मी हसलो. म्हटलं, गिअरबॉक्सकडची चकती अडकत असेल.

"तीन गॅराजां देख लिए. बंबईसे नया मीटर मंगाए. वो भी वैसाच. आख़िर में तार निकालके फेंक दिए... फिर भी चलता."

"साहेबांनी माझ्याकडे पाठवलं?"

"साहबकू मालूम नै." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सब बोलते, तेरे भाई ने तार निकाली थी. मैं सोचा, जिसके हात से निकली, उसीके घर लेके जाना. मैं अब नै बैठता इसमें. नक्को."

किल्ली टेबलावर ठेवून तो चालता झाला.

आता खरं सांगतो. मी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. मी गाडीखाली शिरलो ते ब्रेकसाठी. जुन्या गाडीत पायाच्या पॅडलपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडे असायचे, आणि ते सांध्याला एका बोटभर पिनेने धरलेले. ती पिन मी काढली आणि खिशात टाकली. पॅडल चार वेळा नीट लागलं असतं, पाचव्या वेळी दांडा निसटला असता. मग जेवायला घरी गेलो आणि वहिनींना सांगितलं, "गाडी आलीय." पिनेचं बोललो नाही.

त्यांनी मशीन थांबवलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "मला बघायचीय."

दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही दोघं शेडमध्ये होतो. मी बॅटरीची वायर सोडवून ठेवलेली. मीटरची नळी खालून उघडून पाहिली, आरपार उजेड दिसत होता. आत तार नव्हती. वहिनी पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डाकडे बघत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या. "हलला."

मी खिडकीतून वाकलो. काटा उचलला होता. आठ... दहा... पुन्हा खाली, पुन्हा बारा. मी नळी हातात धरली. थंड. तिच्या आत काही फिरत नव्हतं. मागे जाऊन गिअरबॉक्सला हात लावला, तिथेही काही नाही. परत येईपर्यंत काटा वीसवर होता आणि खालचे आकडे सरकत होते.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की हे उगाच हेलकावे नाहीत. कुणीतरी गाडी चालवतंय. बाजारातून हळू निघालीय, मध्ये थांबतेय, मग गावाबाहेर पडून तीस, पस्तीस, चाळीस. गिअर बदलताना काटा जसा क्षणभर अडतो तसा अडत होता. पंचेचाळीसवर तो बराच वेळ स्थिर राहिला. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं.

आणि मग काटा एकदम शून्यावर पडला. उतरत उतरत नव्हे... पडला.

मी आकडे पाहिले. साडेपंधरा मैल झाले होते. शेडपासून घटकेसरचा तो रस्ता तेवढाच. दादा गेल्यावर मी तिथे जाऊन आलो होतो, मला पाठ होतं.

"संपलं?" वहिनींनी विचारलं.

मी घड्याळ पाहत होतो. एक मिनिट. दोन. तीन. चार मिनिटं काटा शून्यावर होता. मग हळूच हलला, जशी कुणी गाडी मागेपुढे करून वळवतं, आणि चढत गेला तो थेट साठवर. शहरात शिरेपर्यंत साठच. मग हळू होत होत थांबला. एकूण एकतीस मैल.

आधी वहिनी बोलल्या.

"चार मिनिटं थांबले होते ते," त्या म्हणाल्या. "उतरून बघितलं असणार."

मी खिशातली पिन काढली आणि तळहातावर धरून त्यांना दाखवली. कशाची, ते सांगितलं. मला वाटलं, एक तर थोबाडीत मारतील किंवा डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"लावा परत," त्या म्हणाल्या. "ते मरायला नकोत मला. मेलेल्या माणसाकडून लिहून घेता येत नाही."

पिन बसवून मी गाडीखालून बाहेर येतोय तोच शेडच्या दारात वकीलसाहेब. यादय्याने सांगितलं असावं, किंवा त्यांनी विचारून काढलं असावं. रागाने लाल झाले होते.

"कुणाच्या परवानगीने आणली इथे गाडी? किल्ली दे!"

मी किल्ली पुढे केली नाही. म्हटलं, "साहेब, चार मिनिटं काय करत होता तिथे?"

"कुठे?"

"घटकेसरजवळ. पंचेचाळीसवरून गाडी एकदम थांबली. चार मिनिटं उभी होती. मग तुम्ही वळवली आणि साठने परत आलात."

मी माणसाचा चेहरा असा उतरताना परत कधी पाहिला नाही. ते मडगार्डला धरून उभे राहिले. आणि जे मी विचारलंच नव्हतं ते बोलून गेले, "तो पाणी मागत होता."

वहिनी गाडीतून उतरल्या. तोवर वकीलसाहेबांना ठाऊकच नव्हतं की त्या आत आहेत.

"म्हणजे जिवंत होता," वहिनी म्हणाल्या.

वकीलसाहेब सावरले. शेवटी वकीलच. म्हणाले, "बाई, मी काही बोललो नाही. आणि कोर्टात काय सांगाल? काट्याने साक्ष दिली म्हणून?" माझ्या हातातली किल्ली हिसकावली आणि स्वतः गाडी चालवत निघून गेले.

वहिनी त्यांच्या पाठीमागे ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "येतील."

पुढचं मला यादय्याकडून कळत गेलं. त्यांनी ती गाडी सिकंदराबादच्या एका व्यापाऱ्याला विकली. त्या व्यापाऱ्याने नवी तार बसवून घेतली आणि मीटर घड्याळासारखा चालू लागला, कधी तक्रार नाही. पण वकीलसाहेबांनी दुसरी गाडी घेतली, तिचा काटा दुपारी चालायला लागला. ती टाकून एका मित्राच्या मोटारीतून सभेला निघाले... तिथेही तेच. गाडी झाडाखाली उभी, सगळे चहा पितायत आणि काटा पंचेचाळीसवर. मित्राने पुन्हा बोलावलं नाही. बोभाटा झाला. दुपारच्या वेळी त्यांना कुणी गाडीत घेईना, आणि पुढे पुढे तेच कुठल्या गाडीत बसेनात. हिमायतनगरच्या बंगल्यातून कोर्टापर्यंत छत्री घेऊन पायी जायचे. वहिनी कधीकधी शिवलेले कपडे पोचवायला मुद्दाम त्याच रस्त्याने जायच्या आणि घरी येऊन सांगायच्या, "आज घामाने सदरा पाठीला चिकटला होता." त्या दिवशी त्या पोटभर जेवायच्या. मीसुद्धा.

वर्षभराने ते आले. आमच्या गल्लीत, पायी. दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "काय पाहिजे तुम्हाला?"

"खरं काय ते लिहून द्या," वहिनी म्हणाल्या. "आणि जिथे तुम्ही माझ्या मालकांना चोर म्हणालात, तिथेच उभे राहून वाचा."

त्यांनी दिलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं नव्हतं. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या अक्षरातला कागद वाचला. मी दाराशी होतो. गाडी आपण चालवत होतो, मिस्त्री निर्दोष होता, तार दुरुस्तीसाठीच काढली होती. त्यांचं तिकीट गेलं, सनद जाता जाता राहिली, घरी पाहुण्यांचं येणं थांबलं. खटला वगैरे झाला, त्यातून ते सुटले कसे ते लिहिण्यात अर्थ नाही. मोठी माणसं सुटतात. पण दादाचं नाव धुऊन निघालं. वहिनींनी तो कागद दादाच्या फोटोमागे ठेवला.

मला वाटलं, आता संपलं.

पंधरा दिवसांनी दारावर पुन्हा थाप. वकीलसाहेब. डोळे खोल गेलेले.

"बाई, थांबलं नाही," ते म्हणाले. "काल मुलाच्या गाडीत बसून पाहिलं. तसंच."

"मी कुठे म्हटलं होतं थांबेल म्हणून?" वहिनी म्हणाल्या.

"पण मी लिहून दिलं! सगळ्यांसमोर वाचलं! आता त्याला अजून काय हवंय?"

"कुणाला?"

"तुमच्या मालकांना!"

वहिनी दारात पुढे आल्या. मग म्हणाल्या, "माझे मालक कोठडीत गेले. रस्त्यावर पडून पाणी मागत होता तो दुसरा माणूस. त्याचं नाव काय?"

"मला... माहीत नाही."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण मलाही माहीत नव्हतं. घटकेसरला मी जाऊन आलो होतो, रस्ता मोजून आलो होतो, पण त्या म्हाताऱ्याच्या घरी कोण आहे, त्याचे बैल कुणी नेले, काही विचारलं नव्हतं. आमच्या घरात त्याला "तो बैलगाडीवाला" म्हणायचे, तेसुद्धा दादाची गोष्ट सांगताना.

पुढच्या आठवड्यात मी आणि यादय्या तिथे गेलो. त्याची भाषा तेलुगू, म्हणून तो. चार गावांत विचारलं. त्या वर्षी माणसं इतकी मेली होती, की लोक आम्हालाच विचारायचे, "कोणता म्हातारा?" एक जण म्हणाला, तो इथला नव्हताच, लांबून कुठून चिंच घेऊन यायचा. नाव कुणालाच सांगता आलं नाही. तिथे आमच्या आधी एक छत्रीवाले साहेब पायी येऊन हेच विचारून गेले होते का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. नंतर गेले असतील तर मला माहीत नाही.

वकीलसाहेबांना मी शेवटचं पाहिलं तोवर मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली होती. मी वर्कशॉपमध्ये नोकरीला लागलो होतो, नवी स्कूटर घेतली होती. नारायणगुड्याहून हिमायतनगरकडे येताना ऐन दुपारी ते रस्त्याच्या कडेला उभे होते. म्हातारे, वाकलेले, छत्रीसुद्धा नव्हती. का कोण जाणे, मी स्कूटर थांबवली. बंद केली. त्यांनी मला ओळखलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, हँडलवरच्या मीटरकडे बघत होते.

काटा चाळीसवर होता. स्टँडवर उभी असलेली, बंद स्कूटर.

"किती?" त्यांनी विचारलं. त्यांना बहुतेक नीट दिसत नव्हतं.

"चाळीस."

"आता होईल पंचेचाळीस," ते म्हणाले. "मग पडेल. तू जा."

मला पाणी विचारावंसं वाटलं. खरंच वाटलं, डब्याच्या पिशवीत बाटली होती. पण दादाचा चेहरा आठवला आणि मी किक मारली. कोपऱ्यावर वळेपर्यंत काटा नीट झाला होता. त्यानंतर चार-सहा महिन्यांत ते गेल्याचं कळलं. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं." पुन्हा कधी विचारलं नाही.

लोक मला म्हणतात, चुंबक असेल, कुणी चेष्टा केली असेल, तुम्हा दोघांच्या डोक्यात सूड होता म्हणून तसं दिसलं असेल. मी मेकॅनिक आहे, हे सगळं मी त्यांच्याआधी तपासून पाहिलंय. रिकामी नळी मी या हातांनी धरली होती. तार नसताना काटा कसा चालायचा, मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहा. आणि घटकेसरकडचं कुणी हे वाचत असेल आणि तुमच्या घरातला एखादा म्हातारा त्या उन्हाळ्यात चिंचेची गाडी घेऊन निघून परत आला नसेल, तर त्याचं नाव तेवढं कळवा.